पिशवीला लगेच कळतं, माणसाला तीन महिन्यांनी

प्रति,
मा. अध्यक्ष,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई

विषय : ब्लड इरॅडिएटरजवळ काम करणाऱ्यांच्या डोसची नोंद त्यांच्याच हाती देण्याबाबत

महोदय,

मी देवणीचा. लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेलं हे तालुक्याचं गाव बाहेरच्या लोकांना माहीत असतं ते इथल्या गाई-बैलांमुळे. आमच्याकडे ग्रामीण रुग्णालय आहे. रक्त लागलं तर उदगीर गाठायचं, नाहीतर लातूर. रक्ताच्या पिशव्यांना गॅमा किरण देणारं यंत्र, म्हणजे ब्लड इरॅडिएटर, देवणीत नाही आणि नजीकच्या काळात येईल असं दिसतही नाही. तरी या यंत्राबद्दल देवणीहून पत्र येतंय, याचं कारण यंत्र इथं नसलं तरी ते चालवणारी माणसं इथली आहेत.

लातूर पॅटर्नची कीर्ती आपल्या कानांवर असेलच. ज्यांना एमबीबीएसला प्रवेश मिळतो त्यांचे फोटो चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर झळकतात. ज्यांचा नंबर लागत नाही, त्यांतली पुष्कळ पोरं डीएमएलटी करतात, एक्स-रे टेक्निशियन होतात, नर्सिंगला जातात आणि लातूर, नांदेड, सोलापूर, पुणे, मुंबई अशी पांगतात. त्यांचे फ्लेक्स कुणी लावत नाही. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी अशी बरीच पोरं शिकवली. अंगाला किती किरण लागले ते मोजणारा बॅज त्यांतल्या काहींना छातीवर लावावा लागतो. आता ती फोनवर मला विचारतात, ‘सर, हा बॅज खरंच काही सांगतो का हो?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या कार्यालयाकडे आहे, म्हणून पत्र तिकडं.

आधी वाचकांसाठी थोडं सांगतो. आपल्याला हे सगळं पाठ असणार, पण पत्र खुलं आहे.

रक्त किरणांखालून का काढायचं? दात्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांत लिम्फोसाइट नावाच्या लढाऊ पेशी असतात. एरवी रुग्णाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतं आणि संपवतं. पण रुग्णाची प्रतिकारशक्ती खचलेली असेल, किंवा दात्याच्या पेशींची ठेवण रुग्णाशी इतकी जुळत असेल की त्या परक्या वाटतच नाहीत, तर त्या पेशी रुग्णाच्या अंगात मुक्काम ठोकतात आणि त्याच्याच कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर, हाडांतल्या मगजावर तुटून पडतात. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात. त्यावर धड औषध नाही, प्रतिबंध मात्र सोपा आहे. पिशवीच्या मध्यभागी २५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) आणि कुठल्याही कोपऱ्यात १५ ग्रेपेक्षा कमी नाही, एवढा डोस दिला की लिम्फोसाइटची वाढण्याची ताकद संपते. तांबड्या पेशी आपलं काम करत राहतात. रक्त किरणोत्सारी होत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण ही भीती चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकू येते.

हा आजार दूरच्या कुठल्या देशाचा वाटेल, पण आमच्या भागाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. इथं आजही ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक हात पुढं करतात, ‘बाहेरचं कशाला, आमचंच घ्या.’ त्यामागं माया असते आणि परक्या रक्ताचा संशयही असतो. शिवाय मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशा सोयरिकी इथं पिढ्यान् पिढ्या झाल्या; सीमेकडच्या काही घरांत मामा-भाचीचीही लग्नं झाली. सख्ख्या नात्यातलं रक्त आणि जुळत्या ठेवणीच्या पेशी हे नेमकं या आजाराला पोषक वातावरण. जपानमध्ये लोकांच्या पेशींची ठेवण एकमेकांशी बरीच जुळते. तिथं हृदयाच्या ऑपरेशननंतर नात्यातलं ताजं रक्त दिलेले रुग्ण असे गेले, आणि शेवटी त्या देशानं रक्त सरसकट किरणांखालून काढायला सुरुवात केली. म्हणून मराठवाड्यातल्या मोठ्या रक्तपेढ्यांना हे यंत्र मिळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे पत्र यंत्राच्या विरोधात नाही.

यंत्र म्हणजे शिशाचा टनावारी वजनाचा ठोकळा. आत सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० च्या कांड्या. पिशवी डब्यात ठेवायची, डबा आत जातो, काही मिनिटं फिरतो, बाहेर येतो. कांड्या कायम शिशाच्या कवचातच राहतात. सीझियमचे किरण निम्मे करायला साडेसहा मिलिमीटर शिसं लागतं, कोबाल्टला बारा. यंत्राच्या भिंती त्याच्या कितीतरी पट जाड असतात. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रानं अणुभट्टीच्या कचऱ्यातून सीझियम वेगळं काढून ते काचेत बांधलं आणि त्याच्या कांड्या ब्लड इरॅडिएटरसाठी केल्या, ही जगानं दखल घ्यावी अशी कामगिरी. इतर देशांत सीझियमच्या बहुतेक यंत्रांत सीझियम क्लोराइड असतं, मिठासारखी पूड, पाण्यात विरघळणारी. आपली काच विरघळत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला याचा अभिमान वाटणारच.

आता मुद्द्यावर येतो.

किरण देण्याआधी रक्ताच्या पिशवीवर एक लेबल चिकटवतात. त्यावर इंग्रजीत ‘नॉट इरॅडिएटेड’ असं लिहिलेलं दिसतं. पुरेसा डोस मिळाला की त्यातला ‘नॉट’ झाकला जातो. डबा बाहेर आला की टेक्निशियन लेबलकडे बघतो आणि त्याला तिथल्या तिथं कळतं की या पिशवीला डोस मिळाला. त्याच टेक्निशियनच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. तो तीन महिने लावायचा, मग गठ्ठ्यात बांधून लॅबकडे पाठवायचा, तिथं तो वाचला जाणार, अहवाल संस्थेच्या नावे येणार, तो फायलीला लागणार. ज्याच्या छातीवर तो होता त्याच्यापर्यंत आकडा पोचेल की नाही, हे त्या संस्थेतल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या स्वभावावर अवलंबून. एका मुलीनं मला सांगितलं, ती नोकरीला लागल्यापासून बॅज लावते, पण आकडा तिनं कधी पाहिलेला नाही. विचारलं तर ‘नॉर्मल आहे’ एवढंच उत्तर. ती एका खासगी संस्थेत आहे. नाव सांगून तिची नोकरी घालवायची माझी इच्छा नाही.

आमच्याकडे देवणी गाईच्या कानात बारा अंकांचा बिल्ला असतो. त्या नंबरवर लस कधी टोचली, रेतन कधी झालं, वेत कितवं हे नोंदलेलं असतं आणि मालक विचारायला गेला तर त्याला ते कळतं. माणसाच्या छातीवरच्या बिल्ल्याबाबत एवढी तरी सोय असावी.

‘नॉर्मल’ हा शब्द खोटा नसेल, हेही मला ठाऊक आहे. यंत्र ठाकठीक असेल तर इरॅडिएटर चालवणाऱ्याचा डोस फारच थोडा असतो. बहुतेक तिमाहींत बॅज शून्यच दाखवतो. म्हणूनच काही देशांत अशा कर्मचाऱ्यांना बॅज देतच नाहीत. अमेरिकेत नियम असा की वार्षिक मर्यादेच्या दहा टक्क्यांहून जास्त डोस मिळण्याची शक्यता असेल तरच मोजणी सक्तीची. तिथल्या पुष्कळ रक्तपेढ्या मग बॅजऐवजी यंत्राभोवतीची मोजणी आणि गळती-चाचणी यांवर भिस्त ठेवतात. हा युक्तिवाद बिनडोक नाही. बॅज कुणाला वाचवत नाही. किरण लागून गेल्यावर किती लागले एवढंच तो सांगतो.

तरीही इथं बॅज हवाच, असं मी म्हणेन. त्याचं कारण आमच्याकडच्या नोकऱ्यांच्या तऱ्हेत आहे. माणसं कंत्राटावर असतात, वर्षाला ठेकेदार बदलतो, जागेवरचे किरण मोजणाऱ्या सर्व्हे मीटरची बॅटरी संपलेली असते आणि कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली असते. अशा ठिकाणी दहा वर्षांनी एखाद्यानं विचारलं, ‘मला किती लागलं होतं?’ तर उत्तर देणारा कागद एवढाच. टीएलडीत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. एकीवर तांबं-ॲल्युमिनियमचं गाळणं, दुसरीवर प्लास्टिक, तिसरी उघडी. लागलेली ऊर्जा स्फटिकात अडकून राहते. मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊनही ती सोडवू शकत नाही. लॅबमध्ये गरम नायट्रोजननं चकती २०० अंशांच्या बरीच पुढं तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि तो प्रकाश मोजला जातो. तिन्ही चकत्यांच्या आकड्यांची तुलना केली की किरण एक्स-रेचे होते की सीझियमचे, याचाही अंदाज येतो. भारतात १९७५ पासून फिल्म बॅजची जागा या बॅजनं घेतली आणि हे तंत्र भाभा केंद्रातच घडलं. पण एकदा तापवून वाचला की साठा मोकळा होतो. पुन्हा वाचायला फारसं काही उरत नाही. मग जे उरतं ते नोंदवहीतला आकडा, आणि तो आकडा ज्याचा त्याला दिसत नसेल तर एवढ्या हुशारीनं बनवलेल्या चकतीचा त्याला उपयोग काय?

शिवाय आकडा बरोबर येण्यासाठी बॅज नीट वापरावा लागतो, आणि तिथं काय काय चालतं हे आपल्या तपासनीसांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. बॅजच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक कंट्रोल कार्ड येतं. ते किरणांपासून लांब ठेवायचं, कारण त्यावर निसर्गाचा जो डोस जमतो तो सगळ्यांच्या आकड्यांतून वजा केला जातो. आता ते कार्ड कुणी सोयीसाठी यंत्राच्याच खोलीतल्या कपाटात ठेवलं तर काय होईल? यंत्राचे किरण कंट्रोलवर जमतील, तेच सगळ्यांतून वजा होतील आणि सगळेच ‘नॉर्मल’ येतील. फसवणुकीचा हेतू कुणाचाच नसतो; कंट्रोल कार्ड कशासाठी असतं हे कपाट लावणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं, बस्स. उलटही घडतं. ॲप्रनसकट बॅज यंत्राच्या खोलीत रात्रभर टांगलेला राहतो आणि मग माणसाला न लागलेला डोस त्याच्या नावावर चढतो. तिमाहीत १० मिलिसिव्हर्टच्या (माणसाला लागलेल्या डोसचं माप) वर आकडा गेला की चौकशी होते, आणि पुष्कळदा निष्पन्न हेच होतं की डोस माणसाला नाही, बॅजला लागला. अशी चौकशी झाली की पोरं घाबरतात आणि पुढच्या तिमाहीपासून बॅज ड्रॉवरमध्ये ठेवतात. ड्रॉवरमधला बॅज कुणालाच त्रास देत नाही.

हे सगळं थांबवायला एकच गोष्ट पुरेल असं मला वाटत नाही, पण आकडा स्वतःच्या मोबाइलवर आला तर निम्मं थांबेल. आपल्या हातात येणार म्हटल्यावर माणूस ती गोष्ट जपून वापरतो. परीक्षेचे पेपर परत देणाऱ्या आणि न देणाऱ्या अशा दोन्ही शाळांत मी नोकरी केली आहे, फरक मला माहीत आहे.

आता भिंतीपलीकडच्या माणसाबद्दल. त्याच्यासाठी फळ्यावरचं एक साधं गणित मांडतो. आकडे माझे, समजण्यापुरते.

समजा यंत्राजवळ उभं राहिलं तर तासाला २ मायक्रोसिव्हर्ट लागतात. टेक्निशियन दिवसाला एक तास तिथं उभा राहतो, वर्षाला ३०० दिवस. झाले ६०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.६ मिलिसिव्हर्ट. त्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. भारतानं ही ३० ची अट आंतरराष्ट्रीय ५० पेक्षा कडक ठेवली आहे, हे चांगलंच. तेव्हा टेक्निशियन निर्धास्त. पण यंत्राच्या मागच्या भिंतीला लागून बिलिंगचं टेबल असेल आणि तिथं तासाला फक्त अर्धा मायक्रोसिव्हर्ट असेल, तर तिथला क्लार्क दिवसाला आठ तास बसतो. वर्षाचे २,४०० तास. झाले १,२०० मायक्रोसिव्हर्ट, १.२ मिलिसिव्हर्ट. तो किरणोत्सर्ग-कर्मचारी नाही, त्याला सर्वसामान्य जनतेची मर्यादा लागू, आणि ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. म्हणजे यंत्र हाताळणारा मर्यादेच्या फार आत आणि पलीकडे पावत्या फाडणारा मर्यादेबाहेर. बॅज मात्र पहिल्याच्या छातीवर. खऱ्या जागी आकडे याहून लहान असतील अशी आशा आहे, पण मोजल्याशिवाय आशेचा उपयोग नाही. क्लार्कच्या जागी रात्रपाळीचा वॉचमन धरा, किंवा दुपारी त्याच थंडगार खोलीत भिंतीला टेकून डबा खाणाऱ्या मावशी धरा. रक्तपेढीत एसी असतो. उन्हाळ्यात माणसं तिथंच टेकणार.

यावर महागडा उपाय लागत नाही. भिंतीच्या त्या बाजूला एक बॅज टांगा, तीन महिन्यांनी वाचा. सर्व्हे मीटरनं यंत्राभोवती आणि शेजारच्या खोल्यांत मोजणी होते, तिचे आकडे फायलीत न ठेवता दारावर मराठीत लावा : कुठं किती, कुणी मोजलं, कोणत्या तारखेला, मीटरचं कॅलिब्रेशन कधीचं. तपासणीला आलेल्या आपल्या अधिकाऱ्यानं रेडिएशन सेफ्टी ऑफिसरशी बोलावंच, पण पाच मिनिटं मावशींशी आणि वॉचमनशीही बोलावं. किरणोत्सर्गाचा इशारा देणारं ते तीन पाकळ्यांचं चिन्ह त्यांना कशाचं वाटतं, एवढं विचारावं. आमच्याकडे बऱ्याच लोकांना ती पंख्याची पाती वाटतात. जगभर असाच अनुभव आल्यामुळे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं २००७ मध्ये कवटी आणि पळणारा माणूस असलेलं लाल चिन्ह काढलं. ते यंत्राच्या कवचावर, उघडायच्या जागी लावायचं असतं. चिन्ह पाहून माणूस पळतो की पंखा दुरुस्त करायला जातो, यावर पुष्कळ काही ठरतं.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष अधिकाऱ्यांच्या लक्षात सहज येत नाही. रक्तपेढीत मुली मोठ्या संख्येनं आहेत. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचं, असा नियम आहे. पण नियमाची सुरुवातच ‘कळवल्यानंतर’ने होते. कंत्राटावरची मुलगी कळवत नाही. कळवलं की ‘बाळंतपणानंतर बघू’ असं होतं आणि नंतर कुणी बघत नाही. तिला कामावर ठेवून फक्त इरॅडिएटरपासून दूर करणं ही संस्थेची जबाबदारी आहे, हे परवान्याच्या अटीत मोठ्या अक्षरांत यायला हवं. डोसच्या दृष्टीनं हे प्रकरण बहुधा किरकोळच असेल. तिच्या दृष्टीनं नाही.

मंडळानं काहीच केलं नाही, असं माझं म्हणणं नाही. २०१२ मध्ये कॅगनं आपल्या कारभारावर अहवाल दिला तेव्हा देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ केंद्रं, म्हणजे ९१ टक्के, नोंदणीशिवाय चालत होती. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये राज्याराज्यांत किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालयं काढायला सांगितली होती, ती तोवर केरळ आणि मिझोराममध्येच झाली होती, असंही त्याच अहवालात होतं. त्यानंतर ई-लोरा ही आपली ऑनलाइन व्यवस्था आली, अर्ज ऑनलाइन झाले, नोंदणी वाढली. गावोगावच्या डॉक्टरांना आता आपलं नाव माहीत आहे, आधी नव्हतं. पण हा सगळा व्यवहार संस्था आणि मंडळ यांच्यातला राहिला. काम करणारा त्यात नावापुरता आहे. भाभा केंद्राकडे देशातल्या प्रत्येक नोंदणीकृत कर्मचाऱ्याच्या डोसची राष्ट्रीय नोंदवही आहे. माणूस नांदेडची नोकरी सोडून पुण्याला गेला तरी त्याचा आधीचा डोस तिथं सापडतो. मग नोकरी सोडताना त्याच्या अनुभवाच्या दाखल्याबरोबर आजवरच्या डोसचा कागद जोडायला काय हरकत आहे? पीएफचा हिशेब माणसाला मोबाइलवर दिसतो.

आता यंत्र म्हातारं झाल्यावरचं. इथं मला थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण माझी खरी भीती तिथं आहे.

कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मं होतं. पाच मिनिटांचं काम मग दहा मिनिटांचं होतं, आणखी तेवढ्याच काळानं वीस. एक दिवस रक्तपेढीला ते परवडत नाही. यंत्र कोपऱ्यात जातं, वर कागदपत्रांचे गठ्ठे चढतात. कामाला निरुपयोगी झालेलं, पण जीव घ्यायला पुरेसं. सीझियम तीस वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे यंत्र बसवणारे सगळे निवृत्त झाल्यावर. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात नेमकं असंच झालं. कॅनडाहून आणलेलं गॅमासेल २२० हे कोबाल्टचं यंत्र १९८५ पासून पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगारात लिलावानं विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडली, सात जण रुग्णालयात गेले, एक मेला. गॅमासेल हे ब्लड इरॅडिएटरचंच भावंड : तोच शिशाचा ठोकळा, आत तशाच कांड्या. ते फोडणाऱ्यांच्या छातीवर कुठला बॅज असणार? त्यांचा डोस रक्तातली तुटकी गुणसूत्रं मोजून काढावा लागला. आणि लक्षात घ्या, ती चूक कुण्या अडाणी गावात झाली नव्हती. देशाच्या राजधानीतल्या विद्यापीठात, रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांच्या देखत झाली. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये सोडून दिलेल्या दवाखान्यातलं सीझियमचं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं. निळसर चमकणारी पूड घरोघर वाटली गेली. चार माणसं गेली आणि लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली.

म्हणून माझी विनंती आहे की परवाना देतानाच यंत्र परत नेण्याचा खर्च ठेव म्हणून वेगळा काढून घ्यावा आणि वापर थांबला की किती महिन्यांत स्रोत परत जाणार, हे लेखी घ्यावं. स्रोत पुरवठादाराकडे परत जायचा असतो, हा नियम आहेच. पण रक्तपेढी बंद पडली, ट्रस्टमध्ये भांडण लागलं, जागा विकली गेली, तर नियम पाळणार कोण आणि कुणाच्या पैशानं? मराठवाड्यात बंद पडलेल्या संस्थांच्या इमारती मोजायला निघालात तर दिवस पुरणार नाहीत.

‘मग गॅमा कशाला, एक्स-रेवर चालणारं इरॅडिएटर घ्या,’ असं कुणी म्हणेल. नॉर्वे आणि फ्रान्स तिकडं गेलेच. अमेरिकेत २००८ मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमीजच्या अहवालानं सीझियम क्लोराइड काढून टाकायची शिफारस केली आणि २०२७ अखेरपर्यंत रक्तपेढ्यांतली ती यंत्रं काढायचं उद्दिष्ट ठरलं. बटण बंद की किरण बंद, चोराला चोरण्यासारखं काही नाही. मला ही वाट मनापासून आवडते. पण त्या यंत्राला अखंड वीज लागते, ट्यूब थंड ठेवावी लागते, ट्यूब जळली तर परदेशी सुट्या भागाची वाट बघावी लागते. आमच्या जिल्ह्यांत लाइट कधी जाते हे महावितरणलाही सांगता येत नाही. तेव्हा आज तरी एखाद्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या काचेच्या सीझियमचं एक यंत्र, तिथं पक्की माणसं, आणि तिथून आजूबाजूच्या रक्तपेढ्यांना तयार पिशव्या, हेच मला शहाणपणाचं वाटतं. प्रत्येक तालुक्याला यंत्र देण्याची घोषणा कुणी पुढारी करायला लागला तर कृपया त्याला थांबवा. जितकी यंत्रं कमी, तितकी लक्ष ठेवायला सोपी.

या सगळ्यातलं डोसचं काम उद्या सुरू होऊ शकतं. त्याला कायदा बदलावा लागत नाही, संसदेत जावं लागत नाही. मान्यताप्राप्त टीएलडी लॅब बॅज देताना प्रत्येकाचं नाव आणि तपशील घेतातच. त्या अर्जात मोबाइल नंबरचा एक रकाना टाका. बॅज वाचला की संस्थेला अहवाल जाईल तेव्हाच त्या माणसाला मराठीत दोन ओळी जाव्यात : या तिमाहीत किती, या वर्षात एकूण किती, मर्यादा किती. बॅज लॅबकडे परत आलाच नाही तर तेही जावं. शून्य असेल तर शून्य लिहून जावं. शून्य हे उत्तर आमच्या पोरांना फार आवडेल, फक्त ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

उत्तर पाठवलंत तर ते मराठीत पाठवावं ही विनंती. या भागातल्या रक्तपेढ्यांत आणि एक्स-रेच्या खोल्यांत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ते वाचायला देईन, आणि त्यांचे आणखी प्रश्न असतील तर ते आपल्याकडे पाठवीन. ते असतीलच.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
देवणी, जि. लातूर